हर्निया सांगितलेलं ऑपरेशन

लग्नाला पाच वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, तेव्हा दोष कुणाचा हे आमच्या घरात कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. आईने बायकोला सोळा सोमवार धरायला लावले, दोनदा मुंबईला नेऊन तपासून आणलं. मी बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करत होतो. धडधाकट माणसाला डॉक्टर कशाला, हा माझा ताठा.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. पालघरच्या डॉक्टरांनी बायकोला बजावलं, पुढच्या वेळी नवऱ्याला आणा, नाहीतर तुम्हीही येऊ नका. मी वर्षभर टोलवाटोलवी केली. शेवटी कारखान्याजवळ, सरावलीच्या आमच्या भाड्याच्या खोलीत तिने माझ्याशी अबोला धरला, म्हणून गेलो.

डॉक्टरांनी हाताने तपासलं. उजव्या वृषणात वाटाण्याएवढी कडक गाठ होती. ती मला ठाऊक होती, पण दुखत नव्हती म्हणून खिजगणतीत नव्हती. कर्करोग निघाला, आणि मूल न होण्याचा दोषही माझ्यातच. वेळेवर सापडल्याने मुंबईच्या ऑपरेशनवर भागलं. डॉक्टर म्हणाले, "ज्यांना मूल होत नाही, त्या पुरुषांत ही गाठ जरा जास्त आढळते. म्हणून मी नवऱ्यालाही तपासतो. मुलासाठी आलात म्हणून वाचलात."

खरं तर तिच्या हट्टामुळे वाचलो होतो. आणि मी काय केलं? कारखान्यात, गावात, आईलासुद्धा हर्निया सांगितला. वजन उचलून होणारा तो, त्यात मर्दाला कमीपणा नाही. बायकोने चकार शब्द काढला नाही. तिचे उपास चालूच राहिले. मला त्याची आजही लाज वाटते.

पुढच्या वर्षी गावी, दातिवऱ्याला, माझ्या बहिणीचं डोहाळजेवण होतं. बायको ताट घेऊन ओटी भरायला पुढे झाली, तशी आई सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "तू नको गं. तू आत बस."

तिने ताट खाली ठेवलं आणि वळली. मी दारातच होतो. बायकांच्या घोळक्यात शिरलो.

"आये, दोष तिच्यात नाय, माज्यात हाय. तो हर्निया नव्हता, कॅन्सर होता. तिनं मला डॉक्टरकडं नेला म्हनून मी जिता हाय."

माझे कान तापले होते. आईने वाकून ते ताट उचललं, सुनेच्या हातात दिलं आणि स्वतः मागे सरकली.

ओटी भरताना बायको हमसून हमसून रडली. माझ्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती.