रेषेवरचा कॅमेरा

द्वारकेपासून नोएडापर्यंत अख्खी दिल्ली पालथी घातली, तरी माझ्या भाऊजींइतका कॅमेऱ्यावर जीव टाकणारा आणि माणसांच्या तोंडांकडे इतकं साफ दुर्लक्ष करणारा दुसरा गृहस्थ सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. केंद्र सरकारात नोकरी, द्वारकेत घर. त्यांचा कॅमकॉर्डर मुलीच्या, मुक्ताच्या, बारशाला घेतलेला. त्यातली टेप फिरवणारी यंत्रणा केव्हाच मोडली. दुरुस्तीवाला म्हणाला, "फेंक दो, साहब." भाऊजींनी विचारलं, "आँख तो ठीक है न?" तो म्हणाला, "आँख ठीक है." "तो फिर ज़िंदा है," असं म्हणून ते कॅमेरा घरी घेऊन आले आणि एका वायरीने त्यांनी तो थेट लॅपटॉपला जोडला. कॅमेऱ्याने फक्त बघायचं, लक्षात ठेवायचं काम कॉम्प्युटरचं! लॅपटॉपही जुनाच, कारण ती वायर नव्या लॅपटॉपला लागत नाही. त्याची बॅटरी मेलेली, म्हणून सोबत लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड. गुरुग्रामला माझ्या घराच्या वास्तुशांतीला गुरुजी होमाभोवती कमी आणि भाऊजींच्या वायरीवरून जास्त फिरले. "भाऊजी, मोबाइलवर काढा की," मी म्हटलं. "मोबाइलवर काढलेलं खिशात जातं. हे काढता काढता समोर दिसतं!" आणि स्क्रीनवर चित्र उमटलं की "आलं, आलं!" असं ओरडायचे, जणू स्टेशनवर कुणाला घ्यायला आलेत.

मुक्ता बॅडमिंटन खेळू लागली आणि या संसाराला खरा मुक्काम मिळाला. भाऊजी कोर्टाच्या मागच्या रेषेला समांतर, जमिनीपासून वीतभर उंचीवर कॅमेरा लावत आणि शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसत. ताई वैतागायची. "अहो, पोरीचं तोंड एकाही व्हिडिओत नाही! नुसते बूट."

"तोंड तू बघतेसच. चूक पायात असते."

गेल्या वर्षी नोएडातल्या एका स्पर्धेत मुक्ता अंतिम फेरीत पोचली. जिंकणारीला मोठ्या प्रशिक्षण शिबिरात जागा मिळणार होती. पोरीने वर्षभर त्याचाच ध्यास घेतला होता. शेवटचा गुण. मुक्ताने उडी मारून स्मॅश हाणला, रेषेवरच्या पंचाने हात खाली केला, शटल आत! हॉल टाळ्यांनी दणाणला. ताईने मला मिठीच मारली. समोरची मुलगी मात्र जाळीपाशी येऊन सांगत होती, "बाहर थी, सर, सच में बाहर थी." तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

भाऊजींनी रेकॉर्डिंग थांबवून तो शेवटचा फटका पुन्हा लावला. एकदा बघितला, परत बघितला. त्यांचा चेहरा उतरला. मागे उभ्या असलेल्या ताईलाही दिसलं असावं, कारण ती हळूच म्हणाली, "अहो, बंद करा ते." भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं आणि ते उठले.

"सर, एक मिनट. शटल बाहर गिरी है."

मुख्य पंच हसले. "अंकल, पॉइंट आपकी बेटी का है."

"वही तो दिक्कत है."

मग दोन्ही पंच त्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर वाकले. पांढरी रेषा स्वच्छ दिसत होती आणि शटल तिच्या दोन बोटं पलीकडे. गुण फिरला. मुक्ताने बापाकडे एकदाच पाहिलं, रॅकेट उचलली आणि खेळायला गेली. ती हरली.

परतताना गाडी भाऊजी चालवत होते. यमुनेवरचा पूल गेला, तरी ताईची मान खिडकीकडेच. अचानक मुक्ता म्हणाली, "बाबा, तो शॉट बघायचाय. आत्ता."

भाऊजींनी छोले-भटुऱ्यांच्या एका दुकानाशी गाडी थांबवली आणि काय हवं ते सांगायच्या आधी विचारलं, "भैया, प्लग मिलेगा?" लॅपटॉप आपल्या सवडीने सुरू झाला. मुक्ता स्क्रीनला नाक लावून बघत राहिली. "यार बाबा, मी उडी लवकर मारली. म्हणून गेला तो बाहेर." थोड्या वेळाने म्हणाली, "पण मी तुमच्यावर फार चिडलेय."

"चीड की. भटुरा गार होतोय, खाता खाता चीड."

पहिली हसली ती ताई. हसता हसता ओढणीने डोळे पुसू लागली आणि स्वतःच्या ताटातला अर्धा भटुरा तिने नवऱ्याच्या ताटात टाकला.

यंदा मुक्ता शिकायला पुण्याला गेली. द्वारकेचं घर एकदम शांत झालंय. भाऊजी मात्र रविवारी सोसायटीच्या कोर्टवर जातात, सगळा पसारा मांडतात आणि दुसऱ्यांच्या मुलांचे फटके टिपत बसतात. परवा मी तिथे होतो. सोसायटीत नुकतेच राहायला आलेले एक गृहस्थ माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी कुतूहलाने विचारलं, "ये साहब कौन हैं? इनका बच्चा कौन-सा है?"

भाऊजींना ऐकू गेलं नसावं. ते स्क्रीनकडे बघत होते, एकटेच. मी जरा ताठ उभा राहिलो आणि म्हटलं, "मेरे जीजाजी हैं."