सात जणांच्या यादीत मी नाही

एस.टी.त नोकरी केलेल्या माणसाला भाऊबीज घरी बसून साजरी करता येत नाही. त्या दिवशी सगळं वऱ्हाड रस्त्यावर असतं. मी अमरावतीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे खिडकीत बसून गाड्या पुकारायच्या आणि लोकांच्या शिव्या खायच्या. मला सख्खी बहीण नाही, त्यामुळे बाकीचे त्या दिवसाची आपली ड्यूटी बिनदिक्कत माझ्या गळ्यात मारत. मी तोंडानं कुरकुर करायचो आणि मुकाट्यानं ड्यूटी करायचो.

अशाच एका भाऊबीजेला खिडकीशी आरतीचं ताट आलं. स्थानकाबाहेर हार-गजरे विकणारी बाई होती ती. तिवशाकडच्या खेड्यातली, स्वतःच्या वावरातला झेंडू आणि शेवंती घेऊन पहिल्या गाडीनं यायची. आमच्या कक्षातल्या गणपतीच्या तसबिरीला रोज तिचाच हार असे.

"दादा, माहा भाऊ औंदा गेला," ती म्हणाली. "ताट घेऊन कोनापाशी जाऊ? मुंडकं बाहेर काढा जरा."

मी मुंडकं बाहेर काढलं. मागं नागपूरच्या प्रवाशांची रांग खोळंबली होती. त्यातला एक जण ओरडला, "ओवाळून झालं का सांगा बाप्पा, गाडी कवा येते ते!" ती हसली आणि तिनं सावकाश तीनदा ओवाळलं. पुढं मी निवृत्त होईपर्यंत दर भाऊबीजेला ते ताट खिडकीशी आलं, आणि निवृत्त झाल्यावर माझ्या घरी.

दोन वर्षांपूर्वी मी एका लग्नाला अकोल्याला गेलो होतो. परतीच्या गाडीत बसलो, आणि गाडी सुटायच्या आतच छातीत कळ आली. गाडीचा कंडक्टर आमच्याच डेपोचा. त्यानं मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. माझी बायको आधीच गेलेली, मुलगा बंगळुरूला, तो दुसऱ्या दिवशी पोचणार. कंडक्टरनं डोकं चालवून फुलवालीला फोन लावला. तिनं टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि मिळेल त्या गाडीनं अकोला गाठलं. डॉक्टरांनी औषधं सुरू केली होती, पण पुढच्या उपचाराला नातेवाइकाची सही पाहिजे होती. तिनं एकेक अक्षर कोरून सही केली. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात लिहिलं, 'बहीण'. मी आज हे लिहितो आहे ते त्या सहीमुळं.

माझ्या शेजारच्या खाटेवर शेंदूरजनाघाटकडचा एक म्हातारा होता. अकोल्याकडच्या बागेत संत्रा तोडायला आलेला आणि शिडीवरून पडलेला. त्याच्यापाशी कोणीच नव्हतं. मला भात भरवून झाला की ती त्याला भरवायची. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "दादा, याच्यापाशी मी हावो मनून बरं. मी नसती तं? ज्याचं कोनी नाई त्याच्यापाशी बसाले मानूस पायजे. बरे झाले का आपन हेच करू."

बरा झालो. अमरावतीच्या एका दवाखान्यात आम्ही दोघं विचारायला गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, "काम चांगलं आहे, पण येईल त्याला मी वॉर्डात बसू देऊ शकत नाही. नोंदणी केलेली संस्था काढा, मग या." त्यांचं बरोबरच होतं. बिनपासाच्या माणसाला मीही कधी गाडीत चढू दिलं नाही.

मग मी कामाला लागलो. सात सदस्य पाहिजेत, संस्थेची घटना पाहिजे, प्रत्येकाचं संमतीपत्र, ओळखपत्र, जागामालकाची ना हरकत, विजेचं बिल. मला कागदांची हौस दांडगी. सातापैकी अध्यक्ष कोण, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, तरी मी त्याचं उत्तर देऊन टाकलं आणि नोंदणीचा पत्ता नसताना 'अध्यक्ष' असा रबरी शिक्का करून आणला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. घरी दोन-चार कोऱ्या कागदांवर मारूनही पाहिला.

आमचं काम एक तरुण वकीलबाई बघत होत्या. प्रतिज्ञापत्रावर सह्या करायला त्यांनी सगळ्यांना कचेरीच्या आवारात बोलावलं. लिंबाखाली टायपिस्टची टेबलं, त्यांच्याभोवती आम्ही सात : ती, मी आणि ओळखीतले पाच जण. फुलवाली त्या दिवशी धंदा बंद ठेवून नवं लुगडं नेसून आली होती. सही करण्याआधी ती म्हणाली, "वाचून तं दाखवा, काय लिवलं ते."

वकीलबाईंनी वाचलं. संस्था म्हणजे एका घराची मालमत्ता होऊ नये, म्हणून त्यात एक ओळ होती : आम्ही सर्व सदस्य एकमेकांचे नातेवाईक नाही.

तिनं पेन खाली ठेवलं. "हे मी नाई लिवून देत."

"अहो मावशी, कायद्यात नातं म्हणजे रक्ताचं, नाहीतर लग्नाचं. तुमचं तसं नाही."

"कायद्याले मान्य नसंन. पन शपथ मी घेऊन राहिली ना? मंग मले मान्य पायजे."

माझं डोकं सटकलं. बाकीचे पाच जण आपापली कामं सोडून आलेले, उन्हात उभे. मी चारचौघांत तिच्यावर खेकसलो, "कागदच आहे नं! कागदानं नातं तुटते काय?"

तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "दादा, तुमी जगले ते कागदानंच. अकोल्याले बहीन मनून लिवलं. आता अमरावतीले नाई मनून लिवू? दोन गावाले दोन तोंडं मले नाई जमत." आणि मग शांतपणे, "माहं नाव काटा. दुसरं कोनी घ्या. बसाले मी तशी बी येईन."

मी चहा पिऊन येतो म्हणून टपरीवर गेलो आणि चहा न सांगता बाकावर बसलो. मला लाज वाटत होती. ही संस्था तिला सुचली होती, म्हाताऱ्याला भात तिनं भरवला होता, आणि मी तिचं नाव काटून अध्यक्ष होणार होतो, तेही ती माझी कोणी नाही असं लिहून. पस्तीस वर्षं मी ड्यूटीचे तक्ते लावले. एका गाडीवर चुकून दोन कंडक्टर लागले, तर एकाला उतरवायचं, एवढं साधं गणित असतं. कोणाला उतरवायचं ते मला कळलं होतं, फक्त शिक्क्याचा मोह सुटत नव्हता. तो शर्टाच्या खिशात टोचत होता.

परत आलो आणि वकीलबाईंना म्हटलं, "नाव काटा, पण माझं. अध्यक्ष या राहतील."

"येडे झाले काय तुमी?" फुलवाली म्हणाली. "मले अध्यक्षाचं काय समजते?"

"मले तरी कुठं समजते," मी म्हणालो. "शिक्का तयार आहे. त्याच्यावर नाव नाई कोनाचंच." वकीलबाई हसल्या आणि टायपिस्टनं कागद चढवला. सातवा म्हणून आम्ही त्याच कंडक्टरला बोलावलं ज्यानं मला रिक्षात घातलं होतं. तो ड्यूटी संपवून खाकीतच आला आणि न वाचता सही करू लागला. फुलवालीनं त्याला आधी सगळं वाचायला लावलं.

अर्ज दाखल झाला, हरकतींची मुदत गेली, सुनावणीची तारीख आली. सुनावणीला सात जण आत गेले. मी बाहेरच्या बाकावर त्यांच्या पिशव्या सांभाळत बसलो. बऱ्याच वेळानं ती "झालं मंजूर, दादा" म्हणत बाहेर आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी अर्ध्यातच तिला उठवलं आणि मीच तिच्या पाया पडलो. ती वयानं माझ्याहून लहान आहे. आजूबाजूचे लोक पाहत होते. पाहोत. आयुष्यात मी फार कमी लोकांचे आभार मानले आहेत, आणि तिचे तर शब्दांत कधीच मानता आले नाहीत.

आता आठवड्यातले तीन दिवस मी दवाखान्यात बसतो. ज्याचं कोणी नाही, त्याला पाणी देतो, पेपर वाचून दाखवतो, क्वचित एखाद्यावर खेकसतोही. गळ्यात ओळखपत्र असतं, त्यावर तिची कोरलेली सही आणि खाली तोच शिक्का.

नोंदणीच्या प्रमाणपत्राची आणि सात नावांच्या यादीची नक्कल मी घरी फ्रेम करून लावली आहे. येणारे-जाणारे वाचतात आणि हमखास विचारतात, "काका, धावपळ तर सगळी तुमची. मग यात तुमचं नाव कसं नाही?"

मी सांगतो, "समितीत माझी बहीण आहे. मला घेता येत नाही."