सगळ्या बॅचचा फोल्डर

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो अंबडच्या आमच्या कॉम्प्युटरच्या सरांचा. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सर आधी वहीत प्रोग्राम लिहायला लावत, चुकीखाली लाल पेनाने रेघ मारत आणि मगच मशीनवर बसू देत.

त्यांच्या लॅबची एक रीत आहे. नोकरी लागलेल्या विद्यार्थ्याने एका शनिवारी येऊन लॅबसाठी काहीतरी करून जायचं. मी पुण्याहून गेलो आणि सगळ्या मशिनींवर प्रोग्राम लिहायचा नवा एडिटर टाकला, सोबत लँग्वेज सर्व्हर. तो मागे बसून कोड वाचतो आणि चुकीखाली लाल रेघ मारतो.

"म्हंजे माझा पेन गेला," सर हसले.

आजवरच्या प्रत्येक बॅचचे प्रोग्राम सरांनी एका सामाईक फोल्डरमध्ये जपलेत. माझा पहिलाही त्यात आहे. एडिटर तोच फोल्डर उघडेल असं मी करून ठेवलं, एका मशीनवर तपासलं आणि एसटी पकडली.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी त्यांचा फोन आला. "अरे, पोरं बसून राह्यलेत, एकबी मशीन हलंना. पुण्याचं जेवण अंबडला पचंना का?"

मी मीटिंगमध्ये होतो. "सर, मशिनी जुन्या झाल्यात," एवढंच म्हणालो.

"बराबर हाय." मग फोन चालू असतानाच ते मुलांना म्हणाले, "चूक माझी हाय रे. जुन्यावर नवं टाकायला नको होतं."

दुपारी डबा खाताना लक्षात आलं. प्रत्येक मशीनवरचा सर्व्हर एकाच वेळी सगळ्या बॅचचे सगळे प्रोग्राम वाचत बसला होता. त्यानेच सगळं अडकलं, एकाच मशीनवर तपासताना ते दिसलं नव्हतं. मशिनींचा दोष नव्हता. तरी मी फोन केला नाही. पुढेही नाही. परवा एका वर्गमित्राने सांगितलं, "सर लॅब सोडून राह्यलेत. म्हणतात, नवं आपल्याला झेपत न्हाई." तेव्हा हे पत्र पाठवलं:

आदरणीय सर,

दोष जुन्या मशिनींचा नव्हता, चूक माझी होती. एडिटरला मी सगळ्या बॅचचा फोल्डर लावला, फक्त चालू वर्षाचा लावायला हवा होता. हे मला त्याच दुपारी कळलं होतं. लाजेने बोललो नाही, आणि तुम्ही ते स्वतःवर घेतलंत. प्राचार्यांनाही असंच लिहिलं आहे. कृपा करून लॅब सोडू नका. शनिवारी येतो. मुलांना मीच सांगेन.

तुमचा विद्यार्थी