ड्रायरमधल्या मिरच्या

कपडे वाळवायला वीज जाळायची, हे मला आजही पटत नाही. चैत्रात आमच्या सिडकोतल्या गच्चीवर चादर टाकून जिना उतरावा, तर चहा होईपर्यंत ती कडक वाळलेली असते. त्यामुळे सुनेचा भाऊ आखातातली नोकरी संपवून गावी पिशोरला परतला आणि राखीची ओवाळणी म्हणून बहिणीसाठी ड्रायर घेऊन आमच्या दारात उतरला, तेव्हा मी त्याच्या तोंडावर म्हणाले, "आमच्याकडं ऊन फुकट मिळतं. बहिणीला काही उपयोगाचं आणायचं." तो हसला. सून चहा ठेवायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

जिभेला हाड नसणं ही माझी जुनी खोड. मला वाटलं, सून विसरेल. ती विसरली नाही आणि बोललीही नाही. ती दवाखान्यात नर्स. आपले पांढरे गणवेश तेवढे ड्रायरमध्ये वाळवायची. "आई, तुमची साडी टाकू का?" असं तिनं कधी विचारलं नाही, आणि मीही कधी टाकली नाही. अशी पावणेदोन वर्षं गेली.

मग त्या उन्हाळ्यात वर्षाच्या येसराच्या मसाल्यासाठी मी शहागंजच्या बाजारातून मिरच्या आणल्या. गच्चीवर पसरल्या आणि अवकाळी पाऊस आला. पुढचे तीन दिवस आभाळ. मिरच्या मऊ पडल्या, वास यायला लागला. सून माहेरी गेलेली, मुलगा कामावर. ऊन फुकट मिळतं म्हणणारी बाई ओल्या मिरच्यांची टोपली घेऊन घरभर फिरत होती आणि फिरत फिरत ड्रायरपाशी आली.

मी उशीच्या अभ्र्यात मिरच्या भरल्या, तोंडाला गाठ मारली. सून दरवेळी यंत्रातली जाळी काढून तिच्यावरची कापसासारखी लव पुसते, हे पाहिलेलं होतं. आपण स्वच्छतेत कमी पडायला नको म्हणून मी जाळी काढून धुतली आणि मोरीच्या कट्ट्यावर निथळत ठेवली. परत बसवायची असते, हे डोक्यातच आलं नाही.

पंधरा मिनिटं सगळं झकास चाललं. मग गाठ सुटली. यंत्राचा गरम वारा नळीनं मागच्या गल्लीत जातो, त्यातून तिखट बाहेर पडायला लागलं. मागच्या घरचे गृहस्थ कुठंतरी निघाले होते. दारात शिंक आली म्हणून ते आत जाऊन पाणी पिऊन पुन्हा निघाले, पुन्हा शिंक. तीनदा निघाले, तीनदा परतले. शेवटी त्यांनी जायचंच रद्द केलं. इकडं यंत्रानं खरखर केली आणि ते बंद पडलं.

भावाची ओवाळणी, तीही मी नावं ठेवलेली, आणि मोडली कुणी, तर मीच. सून संध्याकाळी परत यायची होती.

आमचे कूलर दुरुस्त करणारे मिस्त्री गल्लीतच राहतात, त्यांना बोलावून आणलं. त्यांनी प्लग काढला, बॅटरी लावून जाळी बसते त्या फटीतून आत पाहिलं आणि आधी पाच शिंका दिल्या.

"पंखे में मिरच्यां अटक्यां, मौशी," ते म्हणाले.

पंखा त्या अरुंद फटीच्या तळाशी होता. चिमटा पोचेना. तार घातली तर मिरची मोडायची आणि बिया आणखी आत. सगळं यंत्र खोला म्हटलं, तर मान हलवून म्हणाले, "नक्को. प्लास्टिक के खटके टूटे तो इसका सामान इधर नै मिलता." हात घालावा, तर त्यांचा पंजा भाकरीएवढा. माझ्या हाताकडं बघत त्यांनी थोडा विचार केला आणि घरी जाऊन बायकोला घेऊन आले. ती लग्नसराईत घरोघरी बांगड्या भरते.

तिनं यंत्राकडं पाहिलंच नाही. माझा हात घेतला, सांधे दाबून पाहिले. "हाड सख्त है. पर जाता." माझ्या बांगड्या तिनं कोपराकडं सारल्या, हाताला साबण चोळला, अंगठा तळव्यात दुमडला आणि हात फटीला लावला. अंगठ्याच्या मुळाशी तो अडला. कळ डोक्यात गेली.

"बहू को मशीन पसंद है क्या?" तिनं विचारलं.

बांगडी अडली की भरणारी असंच काहीतरी विचारते, आणि उत्तर देता देता बांगडी चढलेली असते. ही युक्ती मला लहानपणापासून माहीत आहे, तरी मी फसले.

"लई. भावानं दिलंय ना," मी म्हणाले. "अन् मी मेली त्याच्या तोंडावर नाय नाय ते बोलले. चुकलंच माझं."

चुकलंच म्हणेपर्यंत हात मनगटाच्या पुढं गेला होता.

बोटांना मिरच्या लागल्या तशी मी मूठभर धरल्या आणि हात ओढला. निघेना. "मूठ खोलो मौशी, लालच नक्को," ती म्हणाली. मग दोन बोटांत धरून एकेक मिरची, देठ, अभ्र्याचे दोरे असं काढत बसले. तासाभरानं पंखा बोटानं मोकळा फिरला. मिस्त्रींनी जाळी बसवून यंत्र सुरू केलं. त्याची ती घरघर इतकी गोड वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी सून आली, तिनं गणवेश धुऊन ड्रायरमध्ये टाकला. वाळल्यावर बाहेर काढून झटकला आणि सलग चार शिंका दिल्या. मग माझ्याकडं पाहिलं. धूळ असेल, असं म्हणता आलं असतं. पण माझा उजवा हात तिखटाच्या आगीनं लाल झाला होता आणि मी तो दह्याच्या वाडग्यात बुडवून बसले होते.

मी सगळं सांगितलं. मिरच्यांचं सांगितलं, आणि पावणेदोन वर्षांपूर्वीचंही. तिनं फोन लावून माझ्या डाव्या हातात दिला. पलीकडं तिचा भाऊ होता. मला तेच पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

तो म्हणाला, "पर मिरच्या वाळल्या का, मावशी?"

"अर्ध्या वाळल्या. अर्ध्या पंख्यात होत्या."

"मंग उपयोगाचं निघालं म्हना की."

सून तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी आभाळ फाकलं, ऊन पडलं. गणवेश घेऊन मागच्या खोलीत जाताना सून माझ्या दाराशी थांबली. "आई, तुमची साडी टाकू का?"

गच्ची तापली होती, दोरी रिकामी होती. मी साडी दिली.