मायकलसाठी जागरण

त्या ऑक्टोबरच्या दुपारी साउथहॅम्प्टनच्या बंदरावरून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या दोरखंडाचा वास होता, आणि मी पांढरी साडी नेसून, रिकाम्या हातांनी शेजारच्या मॉरीनच्या दारात उभी होते; घरातल्या गेलेल्या माणसासाठी जागरण आहे, ये, असं तिने सांगितलं होतं. मुलांनो, दुःखाच्या घरी आपण गोडधोड घेऊन जात नाही, तेव्हा माझ्या मते माझं सगळं यथासांग होतं. दार उघडलं, तर आतून ताज्या केकचा सुगंध, व्हायोलिनसारख्या फिडलचे सूर आणि हास्याचा एक लोट अंगावर आला.

"अगं, काय हा चेहरा!" मॉरीन म्हणाली. "कुणी मेलंय का?"

गेला होता तिच्या पणजोबांचा धाकटा भाऊ मायकल, आणि तोही दीडशे वर्षांपूर्वी. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडून माणसं उपाशी मरत होती, तेव्हा त्याने एक मेंढी चोरली. म्हणून बेड्या घालून त्याला जहाजाने ऑस्ट्रेलियाला धाडलं, तुम्ही आज राहता त्याच देशात. समुद्रापार निघालेला माणूस परतणार नाही हे ओळखून त्यांच्या गावात अशा माणसासाठी, जणू तो मेलाच आहे असं समजून, जागरण करीत. खाणं, गाणी आणि त्याच्या आठवणी. चोरासाठी मात्र कुणी बसलं नाही, आणि हळूहळू त्याचं नावही घरात निघेनासं झालं. उभा जन्म हॉस्पिटलात नर्स म्हणून परक्यांच्या उशाशी बसलेल्या मॉरीनने ठरवलं, आपले डोळे मिटण्याआधी याच्यासाठी बसायचंच. नॉटिंगहॅमच्या भावाने फोनवर साफ सांगितलं, "चोराचं कसलं कौतुक? मी येणार नाही." ती म्हणाली, "नको येऊस. मी एकटी बसेन."

रिवाज असा, की प्रत्येकाने गेलेल्याची एक गोष्ट सांगायची. फिडल थांबलं. खिडकीतला पिवळसर उजेड गालिच्यावरून सरकत गेला, पण बोलेना कुणीच. मायकलची गोष्ट कुणाकडे नव्हतीच. मॉरीन ताठ बसून होती, ओठ घट्ट मिटलेले. मला ते पाहवेना. "घरात लहान भावंडं भुकेली असतील," मी म्हटलं.

"होती ना!" दारातून आवाज आला. येणार नाही म्हणणारा तिचा नॉटिंगहॅमचा भाऊ पॅट्रिक ओल्या कोटात तिथे उभा होता. "पण मेंढी कसली ती! बाबा सांगायचे, इतकी हाडकुळी, की मायकलने ती चोरली नाही, आधार देऊन घरी आणली."

सगळे खो खो हसले. मॉरीन हसली नाही.

"बाबांनी मला कधीच नाही सांगितलं."

"मुलींसमोर काढायचा विषय नव्हता तो."

जहाज अर्धी पृथ्वी ओलांडून कधीच पोहोचलं होतं, आणि ही गोष्ट मात्र त्याच घरातल्या लेकीपर्यंत पोहोचायची राहिली होती.

"आणखी सांग," ती म्हणाली.

"एवढंच ठाऊक आहे."

"मग तेच पुन्हा सांग. माझ्याकडे बघून."

कोट न काढताच तो तिच्यासमोर बसला आणि पुन्हा सांगू लागला. या खेपेला मेंढी आणखीनच हाडकुळी झाली होती, आणि मायकलला वाटेत दोनदा तिला खांद्यावर घ्यावं लागलं.