मागच्या दारावरची अक्षरं

नोकरीसाठी सांगलीहून चंडीगडला आले आणि मनीमाजऱ्याच्या जुन्या गल्लीत वरची खोली भाड्याने घेतली. सेक्टरांचे सरळ रस्ते तिथवर पोहोचत नाहीत. घरमालक सत्तरीचे, मोजकं बोलणारे. मी त्यांना अंकलजी म्हणायचे.

एकदा ओलीने मागच्या दारावरचा गिलावा सुटून पडला आणि आत दगडात कोरलेली उर्दू अक्षरं दिसली. मी मोबाइलवर फोटो काढला. अंकलजी अंगणातून बघत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, तर तिथे ताजं सिमेंट.

विचारलं तर म्हणाले, गळत होतं. मला ते पटलं नाही. त्यांनाही माझं काही पटेनासं झालं. आधार कार्ड पुन्हा मागितलं, एजंटला फोन करून माझी चौकशी केली. मला कुणी भेटायला आलं की ते जिन्यापाशी येऊन उभे राहत. हे काहीतरी दडवतायत, असं मी धरून चालले होते. मला कुणीतरी पाठवलंय, असं ते.

एका दुपारी आंटीजी, म्हणजे त्यांची बायको, मटार सोलत बसल्या होत्या. मीही हात लावला. तेव्हा त्यांनीच विषय काढला. फाळणीत त्यांचे सासरे पाकिस्तानात सगळं टाकून इकडे आले आणि त्यांना हे रिकामं घर मिळालं. आंटीजी नव्या नवरी असताना मलेरकोटल्याहून एक गृहस्थ आला; तिथले मुसलमान फाळणीतही गाव सोडून गेले नव्हते. घर त्याच्या वडिलांनी बांधलेलं. त्याला फक्त एकदा आतून बघायचं होतं. सासऱ्यांनी त्याला ओट्यावर बसवून लस्सी दिली आणि सांगितलं, ते घर हे नव्हे, ते कधीच पडलं. तो गेल्यावर त्यांनी अक्षरं लिंपून टाकली.

"तो परत येईल, नाहीतर त्याची मुलं येतील, ही धास्ती सासरे ह्यांना देऊन गेले," आंटीजी म्हणाल्या.

रविवारी अंकलजी स्वतःच वर आले. वडिलांना उर्दू येत होती, यांना नाही. आणि वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं.

"काय लिहिलंय तिथे?"

ऑफिसातल्या एकाने मला ते वाचून दाखवलं होतं. "एक नाव आहे," मी म्हटलं. "आणि हे घर आईसाठी बांधलं, असं."

 मग त्यांनी फोटो समोरच डिलीट करायला लावला आणि फोन हातात घेऊन तपासलाही.

काही आठवड्यांनी म्हणाले, भाची येणार आहे, खोली लागेल. मी झिरकपूरला फ्लॅट बघितला. निघताना त्यांनी माझी जड बॅग ऑटोपर्यंत आणून दिली आणि ऑटो वळेपर्यंत तिथेच उभे राहिले. निरोप द्यायला, की मी नक्की गेले हे बघायला, ते काही मला कळलं नाही.