जनूकाकाची गाडी आणि मागच्या चाकाचा आवाज

कुणी गेलं की लेख "देवमाणूस गेला" इथनं सुरू होतो. तुमीपण रुमाल काढून बसला असाल. ठेवा परत खिशात. आमचा जनूकाका देवमाणूस बिलकूल नव्हता. देव नारळावर खूश होतो, काकाला ग्रीसच लागायचं.

मला नकलांची खोड. माणसं, म्हशी, मशिनी, काय सुटत नाय. काकाच्या मुलाचा, मंगेशचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या नाक्यावर वडापाव खात होतो. फोन उचलला तोच काकाच्या आवाजात, "बोल रे, गाडीखाली हाय मी." मंगेश म्हणाला, "बाबा गेले रे." वडापाव हातातच राहिला. त्यानंतर काकाचा आवाज मी काढलेला नाय.

डोळखांबकडं आमच्या पाड्यात काकाचं घर आमच्या घराला लागून. त्याची पिकअप एकवीस वर्षांची. भेंडी, काकडी, भाताची पोती, एकदा नवरदेवासकट अख्खी वरात तिनं वाहिली, पण रस्त्यात उभी राहिली नाय. मला गाडी शिकवली ती काकानंच, तिच्यावरच. अमावस्येला सगळे गाडीवाले पुढं लिंबू-मिरची बांधतात. काकापण बांधायचा, पण मग चटई टाकून, उताणा होऊन ग्रीसगन घेऊन गाडीखाली सरकायचा. ग्रीस भरायचं एक निपल सोडायचा नाय. चाकांचे नट आवळायचा, ऑइलची पट्टी स्वतःच्या जुन्या बनियननं पुसायचा. म्हणायचा, "लिंबू बाहेरची नजर काढतं रे. आत कोण बघणार?" घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद केलं तर खेकसायचा. धावत आलास की लगेच आडवा पडतोस काय, म्हणे, तिलापण दम खाऊ दे.

आणि गाडीच्या दुखण्यात माझी डॉक्टरकडं बोलायची नोकरी होती. घरी गाडी आवाज करायची आणि मुरबाडला उस्तादच्या गॅरेजात शिरली की गप. दवाखान्यात गेल्यावर पोरांचं पोट दुखायचं थांबतं, तसं. मग काका मला सोबत न्यायचा. "सच्या, कर," म्हणायचा. मी गॅरेजच्या मधोमध उभा राहून एकदा केलं, घूंऽऽऽ, आणि वळणावर, खर्रर्र. उस्ताद डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, मागचं डावं बेअरिंग. खोललं तर तेच. काकानं मिसळ चारली आणि पाठीवर थाप मारली, "शाबास, सच्या."

तेरावं झाल्यावर मंगेशनं गाडी विकायचं काढलं. त्याचं काय चूक नव्हतं. कंपनीत त्याच्या पाळ्या, गाडी उभी राहून सडणार. "चालवणार कोण?" असं त्यानं सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसलो. काकू तर फक्त रोज सकाळी पदरानं गाडीची काच पुसायची. बाहेरनं झाली की आतनंपण.

उस्तादनं पाठवलेलं मुरबाडचं गिऱ्हाईक आलं. तो चालवायला, मंगेश बाजूला, मी मागं हौद्यात, केबिनच्या मागच्या उघड्या खिडकीला टेकून. गाडी अशी गुमान पळत होती की गिऱ्हाईक खुशीत मान डोलवायला लागला. मी मागं वळून बघितलं. काकू उंबऱ्यातच उभी होती, रस्त्याकडं बघत... आणि माझ्या तोंडातनं निघालंच. घूंऽऽऽ. त्यानं स्पीड वाढवला, मी वाढवला. त्यानं कमी केला, मीपण. वळण आलं, खर्रर्र. गिऱ्हाइकाचं तोंड कारल्यासारखं झालं. गाडी परत आणून दारात लावली आणि चहासुद्धा न घेता गेला. मी हौद्यात पडून पोट दुखेस्तोवर हसलो. मग हसू थांबलं. एवढा झकास आवाज काढला आणि पुढनं "शाबास, सच्या" आलं नाय.

गिऱ्हाईक गेलं ते थेट उस्तादच्या गॅरेजात, असली कसली गाडी दाखवली म्हणत. उस्तादनं विचारलं, आवाज कसा होता? बिचाऱ्यानं करून दाखवला. उस्ताद ओळखल्याशिवाय राहतो काय? त्यानं हसत हसत काकूलाच फोन लावला.

काकूनं मला बोलावलं. मला वाटलं चहा मिळेल, वर आशीर्वाद. काकू गाडीपाशी उभी होती.

"लाज नाय वाटत? माणूस एकवीस वर्षं हिच्याखाली लोळला. आणि तू हिला मुरबाडभर खटारा करून आलास? ह्यांच्या गाडीला आवाज?"

"काकू, विकली जाऊ नये म्हणून..."

"मग मंगेशला सांगायला तोंड नव्हतं, मी चालवतो म्हणून? जगाचे आवाज काढतोस मेल्या, स्वतःचा एक काढता येत नाय?"

मंगेश पडवीत उभा होता. त्यानं खिशातनं चावी काढली आणि माझ्याकडं टाकली. मला वाटलं, बोलणी संपली. काकूनं ग्रीसगन माझ्या हातात कोंबली आणि पायानं चटई गाडीखाली सारली.

"दात काय काढतोस? अमावस्या हाय आज. शीर खाली. आणि एक जरी निपल सुटलं ना, तर तुलाच ग्रीस मारते."